शेळ्यांनी लावलेली झाडं

माझा बाप गेला त्या दिवशी ओदिल तोए आमच्या अंगणात आली ती रडत नाही, खोकत. हुबेहूब बापाचा खोकला. डोक्यावर बापाची टोपी, हातात बापाचीच काठी. आल्या आल्या तिनं माझ्या चुलत्याला झापलं, "दारात सायकली कुणी लावल्या? मी मरायचीच वाट बघत होतात का रे?" बाप जन्मभर असाच खेकसत आला होता. ऊर बडवून रडणाऱ्या माझ्या आत्या तोंडावर हात धरून हसायला लागल्या. मग मयत उचलायची वेळ झाली, तर ही बया अंगणाच्या दारात आडवी. माझं देणं दिल्याशिवाय माझा गुलाम बाहेर जायचा नाही, म्हणाली. मानाच्या सुपारीसारखी देतात ती कोलाची फळं दिली, लाल कोंबडा दिला, तेव्हा कुठं उठली. आणि उठल्यावर माझ्या गळ्यात पडून जी रडली, तेवढी माझी सख्खी बहीणही रडली नाही.

बाहेरच्याला हा चावटपणा वाटेल. वाटू दे. ओदिल सामो जातीची, आम्ही मोसी, आणि मोसी-सामोंचं थट्टेचं नातं आहे. आम्ही त्यांना कुत्रेखाऊ म्हणायचं, त्यांनी आम्हाला गुलाम म्हणायचं. समोर सरदार असो नाहीतर सासरा, थट्टेच्या नात्यातल्या माणसानं काहीही बोललं तरी रागवायचं नाही. जो रागावला त्याची गावात छी थू. आणि असं माणूस मयताच्या वाटेत आडवं झालं, की त्याची समजूत काढल्याशिवाय मयत हलत नाही. कधीकाळी कुत्र्याच्या मुंडक्यावरून दोन्ही जमातींचं भांडण झालं आणि तिथून हे सुरू झालं, असं म्हणतात. मुंडकं कुणी खाल्लं ते मला ठाऊक आहे, पण ओदिल समोर असताना मी सांगत नाही.

मी हामिदू पोर्गो. आमच्या गावच्या रेडिओवर यंत्रं सांभाळतो. यातेंगा भागातलं लहानसं केंद्र: पत्र्याचं छप्पर, एक मनोरा, भिंतीला अंड्यांचे पुठ्ठे. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून लावलेत. ओदिलचा आवाज त्यातूनही बाहेर जायचा. ती लग्न होऊन सामोंच्या मुलखातून, तुगानकडून, इथं आली. नवरा शाळामास्तर, भला माणूस, दोन शब्द बोलायलाही बायकोची परवानगी लागायची. पुढं तोही गेला, आणि लोकांना वाटलं आता ही माहेरी परत जाईल. ती दुसऱ्या आठवड्यात रेडिओच्या दारात उभी. संचालकसाहेबांनी विचारलं, काय येतं तुम्हाला? म्हणाली, "बोलता येतं. तुमच्याकडे जे बोलतात त्यांना तेही येत नाही." आता मी त्या वेळी बातम्या वाचायचो. तेव्हापासून मी यंत्रं सांभाळतो.

तिनं जमिनीच्या बातम्या धरल्या. इथं दुसरं आहे काय? पाऊस, माती, शेळ्या, आणि माती गेली म्हणून परमुलखात कोकोच्या बागांकडे निघून गेलेले पुरुष. एकदा राजधानीला, वागादुगूला, पत्रकारांचं प्रशिक्षण निघालं. जमीन नापीक होते ती कशी, ती टिकवून शेती करायची कशी, आणि यावर बातम्या द्यायच्या कशा. नायजर, माली, सेनेगल, टोगो, कुठकुठचे पत्रकार आलेले. आमच्या केंद्रातून ओदिल गेली. तिथला गार हवेचा हॉल, पडद्यावर नकाशे, एक साहेब उभा राहून सांगतोय की दर वर्षी इतकी हेक्टर जमीन जाते. उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार. ओदिलनं हात वर केला आणि विचारलं, "साहेब, या हेक्टरच्या घरी रात्री चूल कोण पेटवतं?"

हॉल हसला. साहेब चिडला. पण प्रशिक्षण चालवणारी जी बाई होती, सेनेगलची, ती शहाणी. ती म्हणाली, मग प्रश्न कसा विचारायचा ते तुम्हीच पुढं येऊन सांगा. ओदिल गेली पुढं. खडू घेतला आणि फळ्यावर तीन प्रश्न लिहिले: राबलं कोण? जमीन कुणाची? खाणार कोण? म्हणाली, हे तीन विचारा. पहिल्या दोन प्रश्नांना एकच नाव आलं तर फोटो काढा आणि घरी जा. दोन वेगळी नावं आली तर तिथंच बसा, बातमी तिथं आहे.

झालं. त्या दिवसापासून ती शिकणाऱ्यांत नाही, शिकवणाऱ्यांत मोजली जाऊ लागली. बाईंनी तिला पुढच्या प्रत्येक तुकडीला बोलावलं. मिळालेलं प्रमाणपत्र तिनं काय केलं म्हणाल, तर पाण्याच्या माठावर झाकण म्हणून ठेवलं. जाड कागद होता, चांगला टिकला.

आता मिनाताच्या शेताचं सांगतो, कारण सगळं तिथंच घडलं.

गावाच्या पश्चिमेला टक्कल पडलेली जमीन होती. कुदळ मारली तर कुदळच उडायची. पाऊस पडला तर पाणी वरच्या वर पळायचं, जाताना उरलीसुरली माती घेऊन. जमीन बुकारी किंदोच्या घराण्याची. बुकारीबाबा म्हणजे गावातलं बडं प्रस्थ: पांढरा लांब झगा, पुढं पोट, मागं चार माणसं. आमच्या रेडिओच्या समितीचे अध्यक्षही तेच. मिनाता माझ्या आईच्या वयाची. तिचा नवरा कोकोच्या बागांत गेला तो तिकडचाच झाला. तिनं आपल्यासारख्याच बायका गोळा केल्या आणि बुकारीबाबांकडे ती जमीन उसनी मागितली. ते हसत म्हणाले, "घ्या की. तिथं काय सरडे पिकवणार?"

बायकांनी कोरड्या दिवसांत, हरमाटन वाऱ्याचा धुरळा डोळ्यांत जात असताना, त्या दगडासारख्या जमिनीत वीत-वीत खोल खड्डे खणले. आमच्याकडे झाई म्हणतात त्याला. ओळीनं खड्डे, प्रत्येकात मूठभर शेणखत आणि शेळ्यांच्या लेंड्या, उतारावर आडव्या दगडांच्या रांगा. पाऊस आला, पाणी दगडांशी अडलं, खड्ड्यांत मुरलं. पहिल्या वर्षी ज्वारी गुडघ्याएवढी आली आणि गावानं चेष्टा केली. पुढं ती माणसाच्या वर गेली आणि गाव गप्प झालं. मिनाताच्या हातांना घट्टे असे पडले होते की गरम भांडं ती फडक्याशिवाय उचलायची.

आणि मग झाडं आली. कुणी लावली नव्हती. शेळ्यांनी रानातल्या शेंगा खाल्ल्या होत्या, बिया लेंड्यांत, लेंड्या खड्ड्यांत. ज्वारीच्या ताटांमध्ये बागांदेच्या झुडपाची जोडपानं दिसायला लागली, काटेरी झांगाचे कोंब वर आले. खुरपताना बायकांनी ते तोडले नाहीत, एवढंच. बगलेच्या फांद्या छाटल्या, मधला कोंब ठेवला. काही वर्षांत त्या टकलावर सावली पडली. पक्षी आले. माझ्यासारखा माणूस, ज्याला झाडाखाली बसायलाही वेळ नाही, तोही मुद्दाम तिकडून सायकल घालायला लागला.

इथं एक गोष्ट कळली पाहिजे. आमच्याकडे उसनी जमीन पेरायची, पण तिच्यात झाड लावायचं नाही. पीक आज आहे, उद्या कापलं. झाड म्हणजे मुळं. झाड लावलं म्हणजे जमीन माझी म्हटलं. मग मालकानं हाकललं तर पंच त्याच्याच बाजूनं.

जमीन टक्कल होती तोवर बुकारीबाबांना तिची आठवण नव्हती. ती हिरवी झाली, एका प्रकल्पाची माणसं आदर्श शेत शोधत आली, आणि बाबांना आठवण झाली. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. त्यांनी मिनाताला बोलावून सांगितलं, "तुम्ही झाडं लावलीत. कणसं काढा आणि वाट धरा."

मिनाता म्हणाली, "बाबा, आम्ही नाही लावली. शेळ्यांनी लावली."

"शेळ्यांनी लावली तर एका ओळीत कशी?"

आता खड्डेच ओळीत, तर झाडं ओळीतच येणार. पण हे मोठ्या माणसाला तोंडावर कोण सांगणार? मिनाता घरी न जाता सरळ रेडिओवर आली. ओदिलच्या समोर जमिनीवर बसली. रडली नाही, आपले हात मांडीवर उलटे ठेवून बघत बसली. कणसं भरत आली होती. ती कापली की शेत गेलं. त्या जमिनीशिवाय त्या बायकांना पेरायला वीतभर जागा नव्हती.

ओदिल संचालकसाहेबांकडे गेली. ही बातमी द्यायची आहे, म्हणाली. साहेब बिचारे घाबरट. अध्यक्षांविरुद्ध अध्यक्षांच्याच रेडिओवर? केंद्राला कुलूप लावायचंय का? त्यांनी साफ नाही म्हटलं. ओदिल बाहेर आली आणि मला म्हणाली, "गुलामा, तुझ्या जातीत एक तरी पुरुष आहे का रे?" मी म्हटलं, "होता एक, त्याला तुमच्या कुत्र्यांनी चावलं." दोघंही हसलो, पण माझं मला हसू कडू लागलं.

नेमकी त्याच दिवसांत प्रशिक्षणाची बस आमच्या गावाला यायची ठरली. तेव्हा रस्त्यांवर बंदूकवाल्यांची भीती अजून नव्हती. सेनेगलच्या बाईंनी या वेळी पत्रकारांना हॉलबाहेर काढायचं ठरवलं होतं. आमच्या संचालकांना वरून निरोप आला, त्यांनी अध्यक्षांना विचारलं, आणि ठरलं की आदर्श शेत दाखवायचं, बुकारीबाबा माहिती देतील, बायकांनी गावात राहून पाहुण्यांचा स्वयंपाक करायचा. ओदिलला साहेबांनी बोट नाचवून बजावलं, तुम्ही फक्त भाषांतर करायचं. पाहुणे फ्रेंचमध्ये विचारतील, तुम्ही आपल्या मोरे भाषेत सांगायचं, बाबा बोलतील ते उलटं सांगायचं. पदरचं एक अक्षर नको. ओदिल म्हणाली, बरं साहेब. ती 'बरं साहेब' म्हणाली तेव्हाच मी रेकॉर्डरला नव्या बॅटऱ्या घातल्या.

बस आली. धुळीनं माखलेले पत्रकार उतरले. आमच्या व्हरांड्यात त्यांना पिठाचं गोड पाणी दिलं, आणि बाईंनी सांगितलं की शेतावर जाण्याआधी ओदिल थोडं शिकवेल. ती व्हरांड्याच्या कट्ट्यावर उभी राहिली. तीन प्रश्न तर तिनं सांगितलेच. मग म्हणाली, आज सराव करायचा. शेताच्या मालकाला मातीबद्दल काही विचारू नका. खत, पाऊस, काही नाही. प्रत्येकानं एकच विचारायचं: ही झाडं कुणी लावली? आधीच्यानं विचारलं असलं तरी पुन्हा विचारायचं, आपापला माइक पुढं धरून. नायजरहून आलेली राबी नावाची पोरगी म्हणाली, "ताई, एकच प्रश्न इतक्यांदा विचारला तर म्हातारा चिडेल." ओदिल म्हणाली, "चिडणार नाही. खरं बोलणारा माणूस तेच उत्तर पुन्हा देतो, आणि दुसरा त्याला तूप लावत जातो. तेच ऐकायला शिका."

बुकारीबाबा प्रकल्पाच्या जीपमधून आले. नवाकोरा झगा, छातीवर कसलंसं पदक. झांगाच्या झाडाखाली त्यांची खुर्ची मांडली होती. गावातली म्हातारी माणसं मागं चटयांवर. मी माइक लावला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

राबीनं पहिलं विचारलं. ओदिलनं भाषांतर केलं, अगदी सरळ चेहऱ्यानं. बाबा म्हणाले, "मी लावली." सेनेगलच्या उंच पोरानं तेच विचारलं. "मी लावली, या हातांनी." मग टोगोवाला आला. "मी लावली, आणि पाणीही मीच घातलं." पाचव्या-सहाव्या माइकपर्यंत बाबा बंधाऱ्यावरून डोक्यावर हंडे वाहायला लागले होते. आजवर त्या डोक्यानं टोपीखेरीज काही वाहिलं असेल तर शपथ. मागं म्हातारी मंडळी एकमेकांकडे बघायची नाहीत, नाहीतर हसू फुटलं असतं. संचालकसाहेब मात्र खूश होते, सगळं सुरळीत चाललंय म्हणून.

सगळ्यांचं विचारून झालं. राबीनं हळूच एक प्रश्न पुढं टाकला, "बायकांनी काही लावली का?" बाबांनी हात झटकला. "बायका? बायका काय झाडं लावणार. एक रोपही नाही."

तेवढ्यात मिनाता आणि बायका डोक्यावर जेवणाच्या टोपल्या घेऊन पायवाटेनं आल्या. कुणी वेळ कळवली होती, मला विचारू नका. ओदिलनं भाषांतराचा माइक माझ्या हातात दिला. आता ती भाषांतर करणारी नव्हती, सामो होती. कमरेवर हात ठेवून ती बाबांसमोर उभी राहिली.

"गुलामा," ती म्हणाली, "झाडं तू लावलीस?"

म्हातारी मंडळी सरसावून बसली. आता थट्टा सुरू झाली, म्हणजे रागवायची सोय संपली. बाबांनाही हसावं लागलं. "मीच लावली, कुत्रेखाऊ."

"मिनातानं एकही नाही?"

"नाही म्हटलं ना."

"मग उसन्या जमिनीत झाडं लावली म्हणून तिला हाकलतोस कसा? तिनं लावली असतील तर तू खोटारडा. नाही लावली तर तिचा गुन्हा काय?"

इकडे आड, तिकडे विहीर. बाबांनी छातीवरचं पदक सरळ केलं. मी पाहिलं, सेनेगलच्या बाईंनी प्रश्न फ्रेंचमध्ये सांगितला आणि सगळे माइक पुन्हा पुढं आले. मिनाता टोपली डोक्यावर तशीच धरून उभी होती, बाबांच्या तोंडाकडे बघत. आधी तिनं त्यांच्याकडे मान वर करून कधी पाहिलं नव्हतं.

बाबा उठले. नमाजाची वेळ झाली, म्हणाले. सूर्य अजून डोक्यावरही आला नव्हता. ते जीपकडे निघाले, आणि ओदिल तोए, चांगले धुतलेले कपडे घातलेली, प्रशिक्षकबाई, जीपच्या चाकांपुढं धुळीत सपशेल आडवी झाली. हात छातीवर, डोळे मिटलेले. म्हातारी मंडळी खो खो हसली. एकानं ओरडून सांगितलं, बुकारी, सुटका करून घे, प्रेत वास मारायला लागेल.

बाबांनी खिशातून कोलाची फळं काढली. तिनं तोंड फिरवलं. कोंबडा देतो म्हणाले. ती पडल्या पडल्याच बोलली, "आज कोंबड्यानं भागायचं नाही. ही जमीन पेरायला मिनाताच्या बायकांची आहे, असं सगळ्यांसमोर म्हण."

नियम म्हणजे नियम. आडव्या पडलेल्याला ओलांडून कुणी जात नाही. बाबांनी माइककडे पाहिलं, मग म्हाताऱ्यांकडे, आणि सगळ्यांत शेवटी मिनाताकडे. पण ते काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. म्हणाले, "बरं. मी जिवंत आहे तोवर या बायका इथं पेरतील."

ओदिल उठली, अंगावरची धूळ त्यांच्याच पांढऱ्या झग्यावर झटकली आणि म्हणाली, "मग शंभर वर्षं जग, गुलामा."

संध्याकाळी साहेबांनी मला सांगितलं, ते रेकॉर्डिंग पुसून टाक. मी मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, बाजारभावाच्या आधी, जेव्हा झाडून सगळं गाव रेडिओ लावतं, तेव्हा पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं वाजवलं. डोक्यावरच्या हंड्यांसकट. का वाजवलं? कारण तो माझ्या मेहनतीचा आवाज होता, आणि मला कुणी पुरुष आहेस का म्हणून विचारलं होतं. काढा मला, म्हटलं. मनोऱ्यावर चढणारा दुसरा कुणी मिळत नव्हता, म्हणून काढलं नाही.

ओदिलला मात्र किंमत मोजावी लागली. बुकारीबाबांनी राग दाखवला नाही, तसा दाखवताही येत नाही. पण समितीला वेळ अपुरा वाटू लागला आणि तिचा जमिनीचा कार्यक्रम बंद झाला. तिला हरवलं-सापडलं वाचायला दिलं. ती वाचायची, "एक गाढव हरवलं आहे, डावा कान फाटलेला. ज्यांना सापडेल त्यांनी मिनाताच्या शेताजवळ आणून द्यावं, तिथं यंदा ज्वारी इतकी दाट आहे की गाढव पलीकडे जाऊच शकत नाही." लोक हरवलं-सापडलं ऐकायला रेडिओ लावू लागले. शिवाय प्रशिक्षणवाल्या बाई तिला तुकडीमागून तुकडीला बोलवतच होत्या. निआमेपासून लोमेपर्यंत पोरं तिचे तीन प्रश्न पाठ म्हणायची. कार्यक्रम एका गावातून काढला, तो पाच देशांत गेला. चिडून बसणारी बाई नव्हती ती.

बुकारीबाबा शंभर वर्षं काही जगले नाहीत. एका उन्हाळ्यात दोन दिवसांच्या तापानं गेले. आणि त्यांच्याबरोबर त्यांचा शब्दही गेला. थोरला मुलगा इद्रिसा शहरात सिमेंटचा व्यापार करायचा. बाप अजून अंगणात झाकलेला, तेवढ्यात त्यानं मिनाताला निरोप धाडला की पावसाआधी जमीन मोकळी करा.

मयतीला सगळं गाव जमलं. ओदिल आली. पोट पुढं काढून, बाबांची टोपी घालून, छातीवर बाटलीचं झाकण पदकासारखं लटकवून. अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि हुबेहूब त्यांच्या आवाजात म्हणाली, "ही झाडं मी लावली. पाणीही मीच वाहिलं. हंडा अजून डोक्यावरच आहे, उतरवा रे कुणीतरी." अंगण हसून हसून लोळलं. बाबांच्या बायकासुद्धा रडता रडता हसल्या. मग मयत उचललं, आणि ती दारात आडवी पडली.

इद्रिसानं कोला दिला. नको. कोंबडा. नको. मेंढा बांधून आणला. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"मिनाताच्या बायका तिथं पेरतील," ती म्हणाली. "आणि झाड लावतील. आपल्या हातानं, उघड, सगळ्यांच्या देखत."

हसू एकदम थांबलं. पेरणं वेगळं, झाड वेगळं. झाड लावू देणं म्हणजे जमीन कायमची देणं, हे अंगणातल्या पोराटोरांनाही कळत होतं. इद्रिसा खाली वाकून दबक्या आवाजात म्हणाला, "मावशी, थट्टेलाही मर्यादा असते."

"थट्टा मी मघाशीच थांबवली. तुझा बाप उन्हात आहे. लवकर बोल."

मी चार हातांवर उभा होतो. तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. बुकारीबाबा दर सणाला तिला कोला पाठवायचे, वर निरोप द्यायचे की कुत्रेखाऊला सांगा, अजून जिवंत आहे. तिचाही जीव होता त्यांच्यावर. पण जीव होता म्हणून ती उठली नाही.

घराण्यातला सगळ्यांत म्हातारा माणूस, बाबांचा चुलतभाऊ, भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "इद्रिसा, ती जमीन टक्कल होती तेव्हा आपल्यातल्या कुणी तिथं लघवीलासुद्धा पाऊल टाकलं नाही. दे."

इद्रिसानं दिलं. मोठ्यानं म्हणायला लावलं ओदिलनं, दोनदा. मग ती उठली, मयताला वाट दिली, आणि सगळ्यांच्या मागून कण्हत रडत गेली.

पाऊस पडल्यावर मिनातानं शेताच्या मधोमध गोरखचिंचेचं रोप लावलं. भोवती काटे रोवले. इद्रिसाही आला होता बघायला, हात मागं बांधून उभा राहिला.

त्या वर्षी प्रशिक्षणाची बस पुन्हा आली. नवी पोरं, नवे माइक. झांगाच्या सावलीत सगळे गोळा झाले, आणि टोगोची एक लाजरी मुलगी पुढं होऊन त्या रोपाकडे बोट दाखवत फ्रेंचमध्ये म्हणाली, हे कुणी लावलं? ओदिलनं मिनाताला मोरे भाषेत विचारलं.

मिनाता माती झटकून उभी राहिली. माइक तिनं दोन्ही हातांनी तोंडाजवळ ओढला. शेळ्यांचं नाव घेतलं नाही.

"मी," ती म्हणाली.

ओदिलनं त्याचं भाषांतर केलं नाही, आणि कुणी मागितलंही नाही.